काठीचा ठोका

मोहाची फुलं वेचायला बोडीटोल्यातल्या बायका जोडीनं जातात. एक वाकते, दुसरी उभी राहते. उभी असते तिच्या हातात काठी असते आणि ती काठी मोहाच्या बुंध्यावर सावकाश, सारखी आपटत राहायची असते. आवाज असला की अस्वल सहसा वाट बदलतं. वेचणारीनं सारखी मान वर करून पाहायचं नाही, तसं केलं तर टोपली भरत नाही. तिनं फक्त ऐकायचं. ठोका चालू आहे तोवर वेचत राहायचं, ठोका थांबला तर उठायचं. टोपली अर्धी झाली की दोघी जागा बदलतात. सावली गावाच्या पुढे, धानाची वावरं संपून जंगल लागतं तिथल्या या वाडीएवढ्या टोल्यात ही रीत कुणी कुणाला शिकवत नाही. मुली आईबरोबर जातात आणि त्यांना ती येते.

१९८५ च्या एप्रिलमध्ये मनकर्णा आणि तिची धाकटी जाऊ कांता नाल्याकाठच्या मोहाखाली होत्या. नुकतं उजाडलं होतं. कांता वाकली होती, मनकर्णा उभी होती. अस्वल करवंदीच्या जाळीतून आलं.

पुढचं गावाला मनकर्णानं सांगितलं, कारण सांगणारी तीच एक होती. कांताला त्या सकाळचं काही आठवत नव्हतं. मनकर्णा म्हणाली, अस्वल ठोक्याला भ्यालं नाही, एकदम आलं. तिनं काठीनं त्याच्या पाठीवर मारलं, मग तोंडावर मारलं. काठी मोडली तेव्हा फुलांची टोपली फेकून मारली. अस्वल गेलं. मग तिनं कांताला खांद्यावर घेतलं आणि नाला ओलांडून गाडीरस्त्यापर्यंत आणलं.

यातलं बाकी सगळं खरं होतं. पहिलं वाक्य तेवढं खरं नव्हतं.

ठोका थांबला होता. मोहाच्या गोडाला लाल मुंग्या लागतात. त्या मनकर्णाच्या डाव्या पायावर चढल्या, घोट्याच्या हाडाखाली डसल्या, आणि तिनं काठी काखेत धरली, वाकली, दोन्ही हातांनी पाय झटकला. झटकून झाल्यावर खाजवलाही. ठोका थांबला म्हणून कांतानं रीतीप्रमाणे मान वर केली, आणि अस्वल तिच्या तोंडासमोर होतं. वाकलेली असती तर पाठीवर निभावलं असतं, असं पुढे चंद्रपूरच्या दवाखान्यात पट्टी बदलणारा माणूस सहज बोलून गेला. मनकर्णा तिथेच उभी होती.

कांताचा उजवा डोळा गेला. नाकाची एक बाजू गेली. गाल शिवला तो ओढला जाऊन वरचा ओठ कायमचा वर राहिला. ती दवाखान्यात असतानाच चौदा एप्रिल आली. विहारासमोर वंदना झाली, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, आणि मग गावानं मनकर्णाचा सत्कार केला. हिरव्या काठाचं लुगडं दिलं. जाऊ असावी तर अशी, असं सरपंच म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनकर्णानं लुगडं घरी आणलं आणि पेटीच्या तळाशी ठेवलं. दिवाळीच्या सुमारास कांतानं एकदा विचारलं, "बाई, ते लुगडं नेसत काऊन नाई तुम्ही?" मनकर्णा म्हणाली, काठ टोचतो.

स्वप्न त्याआधीच, पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या दिवसांत सुरू झालं होतं. ते दर वेळी सारखंच असे. मोह, नाला, करवंदीची जाळी. कांता वाकलेली, तिचं तोंड अजून धड आहे. मनकर्णाच्या हातात काठी. तिला ठाऊक असतं की आता काहीतरी होणार आहे, पण काय ते सुचत नाही. मग घोट्याला खाज सुटते आणि ती वाकते. वाकली की जाग येते. जाग आल्यावर ती खरोखरच घोटा खाजवत असे. तिथल्या कातडीला दर थोड्या दिवसांनी जखम होई, सुके, पुन्हा होई.

धानाची चुरणी, मळणी आटोपली तेव्हा मनकर्णाचा धाकटा भाऊ सोमाजी चार दिवसांच्या सुटीवर आला. तो चंद्रपूरजवळच्या वीज केंद्रात हेल्पर होता. आदल्या वर्षी ध्यानाच्या शिबिराला जाऊन आल्यापासून तो बहिणीच्या घरी आला की मांडी घालून बसायचा आणि श्वासावर बोलायचा. मनकर्णाचा नवरा देवराव त्याला हसायचा.

"दहा दिवस फुकट जेवून आला, अन् वरून आपल्यालेच शिकवून राह्यला," देवराव अंगणात दोरी वळता वळता म्हणाला.

"फुकट नाई भाऊजी. दान दिलं मी."

"किती?"

"ते सांगाचं नसते."

"मंग फुकटच."

सोमाजीनं तिकडे पाठ केली. "मनाबाई, झोपत नाईस का तू? डोळे पाह्य आपले."

"स्वप्न पडते," मनकर्णा म्हणाली.

"कशाचं?"

"त्याच दिवसाचं."

कांता विहिरीवर गेली होती हे पाहून सोमाजीनं आवाज खाली आणला. "मंग स्वप्नातच जागी हो ना."

"जागी झाली तर स्वप्न कुठी राह्यते?"

"राह्यते. तेच तर आहे. झोप मोडाची नाई, फक्त समजलं पाह्यजे का हे स्वप्न होय. समजलं का मंग आपल्या मनासारखं करता येते. मी तर चिमणीवरून उडतो. आमच्या केंद्राची चिमणी पाह्यली ना तू? तिच्या वरून."

"डूटीवर झोपून राह्यला वाटते हा!" देवराव बाहेरून ओरडला.

"सुटीच्या दिवशी, भाऊजी!"

ही विद्या अर्धी शिबिरातली होती आणि अर्धी नागपूरच्या एका टायपिस्टची. तो शिबिरात सोमाजीच्या बाजूच्या खोलीत होता आणि त्यानं ती कुठल्याशा हिंदी मासिकात वाचली होती. शिबिरात बोलायला मनाई होती, त्यामुळे त्यानं ती परतीच्या गाडीत सांगितली. सोमाजीनं दोन्ही अर्धी एकत्र करून बहिणीला दिली. दिवसा काम करता करता मधूनच हात पाहायचा आणि आपण स्वप्नात आहोत का असं विचारायचं. ही सवय झाली की स्वप्नातही हात पाहिला जातो, आणि स्वप्नात बोटं कधी धड पाच दिसत नाहीत. हा झाला टायपिस्टचा भाग. निजण्याचा भाग सोमाजीनं स्वतः जमवला होता.

"उताणं पडाचं. हलाचं नाई. देह लबाड आहे, मनाबाई. झोपाच्या आधी तो तुले विचारते, जागी आहेस का? मंग कुठीतरी खाज देते, तोंडात थुंकी आणते, कूस बदल म्हणते. तू हलली का त्याले समजते का हे जागीच आहे. नाई हलली का देह झोपते, अन् तू मागं जागी राह्यते."

"खाज आली तरी हलाचं नाई?"

"नाई. फक्त पाहत राह्यचं. येते, वाढते, जाते. कोणतीच खाज मुक्कामाले राहत नाई."

मनकर्णा त्याच्याकडे पाहत राहिली.  चिमणीवरून उडायचं तिला नव्हतं. तिला उभं राहायचं होतं. त्या मोहाखाली एकदा तरी घोट्याला हात न लावता उभं राहायचं, ठोका चालू ठेवायचा, आणि कांताला धड तोंडानं टोपली उचलून घरी येताना पाहायचं. यानं काही बदलणार नाही, हे तिला कळत होतं. तरी दुसऱ्या दिवसापासून ती हात पाहू लागली. भांडी घासताना राख लागलेला हात, शेण कालवताना माखलेला हात. देवरावनं दोनदा विचारलं, हाताला काही झालं का.

दुपारची जेवणं झाली की ती ओसरीत बाजेवर उताणी पडे. पहिले काही दिवस ती झोपेच्या जवळही गेली नाही. बाजेच्या सुंभाची एक गाठ पाठीच्या मणक्यात रुते. गाठ टाळायला ती सरकली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिनं खाली गोधडी दुमडून घातली, तर पाठीला घाम आला आणि घामाबरोबर खाज आली. चुरणीनंतर धानाची कुसं अंगात राहतातच. मानेवर, कमरेच्या गाठीखाली, कोपराच्या लवणात ती एकेक करून जागी होत. मग तोंडात थुंकी साठे. गिळावी तर गळा हलतो, न गिळावी तर ठसका लागतो. रोवणीपासून धरलेला गुडघा सरळ ठेवला की आतून ओढ घेई. आणि सगळं शांत झालं, हातपाय जड झाले, डोळ्यांपुढे रंग हलू लागले की लघवीला लागे.

"दिवसा झोपून कोणाचं घर चाललं?" देवराव म्हणे.

"झोपून नाई राह्यली, भाऊजी. ध्यान करून राह्यली बाई," कांता सांगे. "सोमाभाऊनं शिकवलं. बोलू नका."

हे कांतानं स्वतःच ठरवलं होतं, आणि मनकर्णानं ते नाकारलं नव्हतं. दवाखान्यातून आल्यापासून कांता विहीर सोडून कुठे जात नसे. दुपारी तिला काम नसायचं. मनकर्णा बाजेवर पडली की ती उशाशी येऊन बसू लागली. कोंबड्या ओसरीत आल्या तर हुसकावी. माशी मनकर्णाच्या ओठावर बसायच्या आत पदरानं उडवी. पोरं अंगणात भांडायला लागली तर बोट ओठावर ठेवून त्यांच्याकडे पाही. ते तोंड पाहून पोरं गप्प होत.

त्यामुळे माशांचा आणि कोंबड्यांचा त्रास गेला. आता डोळे मिटून पडलेल्या मनकर्णाला कांताचा श्वास ऐकू येऊ लागला. अर्ध्या नाकातून तो आत जाताना बारीक शीळ वाजे. कुसं, गुडघा, थुंकी हे सगळं सोमाजीनं सांगितल्याप्रमाणे येई, वाढे आणि जाई. शीळ जात नसे.

"कांता, तू आत जाऊन पड," ती एकदा डोळे न उघडता म्हणाली.

"माशा बसते तुमच्या तोंडावर."

"बसू दे."

"बसू कशी देऊ? तुम्ही माह्यासाठी अस्वलासंगं भांडल्या, मी माशीसंगं नाई भांडू काय?" आणि ती हसली. हसताना शीळ तुटक होई.

मनकर्णा पडून राहिली. त्या दुपारी घोट्याची खाज आली तेव्हा तिनं ती सोडून दिली नाही, मुद्दाम धरून ठेवली.

फाल्गुनात मोहाला कळ्या धरल्या. रात्री जेवताना कांता म्हणाली, "यंदा मी येतो मोहाले."

तिचा नवरा लहानू हातातला घास तसाच धरून राहिला. "एका डोळ्यानं?"

"मोह दिसाले एक डोळा पुरते. बाकी पाहाले बाई आहे ना."

"लोकं पाहतीन तुले."

"जंगलात कोण पाहते? घरी बसून कटाळा आला मले. आपला चेहरा आरशात पाहून पाहून मीच भ्याली, आता अस्वलच भिऊन पळन मले."

लहानूला हसू आलं आणि ते त्यानं लगेच गिळलं. मग तो म्हणाला, "बाईसंगं जात असशीन तर जा. दुसऱ्या कोणासंगं नाई."

सगळ्यांनी मनकर्णाकडे पाहिलं. "माहा गुडघा धरते," ती म्हणाली. "शेजारच्या केसरबाईसंगं जाऊ दे तिले."

"केसरबाई?" कांता म्हणाली. "पानं वाजली तर काठी टाकून पळते ते. मागं पाहून तरी घेते काय, का कोण राह्यलं, कोण नाई?"

देवराव म्हणाला, गुडघा तर रोज दुपारी बाजेवर पडूनच दुखतो. त्यावर सगळे हसले आणि विषय संपला. मनकर्णानं उष्टी ताटं उचलली. आता कांता जंगलात जाणार होती, आणि ठोका न सोडणाऱ्या ज्या मनकर्णाच्या भरवशावर ती जाणार होती ती मनकर्णा त्या दिवशी तिथे नव्हतीच. हे फक्त मनकर्णाला ठाऊक होतं. सांगायचं तर मोह पडायच्या आधी सांगायला हवं होतं.

ती सांगणार होती. पण आधी स्वप्नात एकदा उभं राहून पाहू, असं तिनं मनाशी ठरवलं. तिथे जमलं तर सांगायला बळ येईल. निदान स्वतःला तिनं असं सांगितलं.

ते जमलं एका दुपारी, वारा पडलेला असताना. गाठ पाठीत रुतली. तिनं रुतू दिली. कुसं जागी झाली, मानेवरून कमरेपर्यंत गेली आणि विझली. थुंकी साठली, आपोआप उतरली. हातपाय आपले नसल्यासारखे झाले. मग घोट्याला खाज सुटली. ती एका टाचणीच्या टोकाएवढी होती, मग पैशाएवढी झाली, मग पाय गुडघ्यापर्यंत पेटला. मनकर्णा पाहत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे उतरलं. तेही तिनं पुसलं नाही. कांताची शीळ दूर गेली, आणखी दूर गेली, आणि काठीचा ठोका झाली.

ती मोहाखाली उभी होती. तिनं हात पाहिला. अंगठ्याशेजारी आणखी एक अंगठा होता, आणि मोजायला जावं तसतशी बोटं वाढत होती. हे स्वप्न होय, ती मोठ्यानं म्हणाली, आणि जाग आली नाही. मोह जास्तच पिवळा दिसू लागला. कांता वाकली होती. करवंदीची जाळी हलली. मनकर्णानं ठोका थांबवला नाही. जाळी हलायची थांबली. कांतानं भरलेली टोपली कमरेवर घेतली, वळली, आणि धड तोंडानं, दोन डोळ्यांनी हसून म्हणाली, "चाला बाई, झालं."

मनकर्णा जागी झाली तेव्हा तिचं अंग हलकं होतं. कैक महिन्यांत असं वाटलं नव्हतं. तिला भूक लागली होती. डोळे उघडले तर कांताचं तोंड तिच्यावर वाकलेलं होतं. वर ओढलेला ओठ, शिवणीच्या रेघा, पापणी चिकटलेली खाच.

"हसून राह्यल्या होत्या तुम्ही झोपेत," कांता म्हणाली. "माशी नाई बसू देल्ली मी. एक बी."

हलकेपणा गेला नाही, आणि त्याचीच तिला लाज वाटली. स्वप्नात तोंड कांताचं बरं झालं होतं आणि आराम मात्र मनकर्णाला पडला होता.

ती उठून बसली. "कांता, त्या दिवशी मी…"

"त्या दिवसाचं नोका काढू बाई," कांता लगेच म्हणाली. "मले आठवत नाई तेच बरं आहे. तुम्ही होत्या म्हणून मी आहे, एवढं मले समजते. चहा ठेवतो."

ती चुलीकडे गेली. मनकर्णानं तिला हाक मारली नाही.

त्यानंतर ते स्वप्न सहज येऊ लागलं. पडायचं, पाहायचं, उभं राहायचं. कांता रोज धड तोंडानं घरी येई. घोट्याची जखम सुकली. रोज जागं झाल्यावर सांगायचा दिवस एकेक दिवसानं पुढे सरकत गेला, आणि तो पुढे सरकतो आहे हे मनकर्णाला ठोक्यासारखं ऐकू येत होतं. एका दुपारी तिनं बाज उचलून भिंतीशी उभी केली आणि कांता काय झालं म्हणून विचारत असताना मुसळ हातात घेऊन कांडायला बसली. पण बोलली तेव्हाही नाही.

मोह पडू लागला. बायकांनी झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ केली होती. पहिल्या दिवशी उजाडताना दोघी नाल्याकाठी पोचल्या. काळ्या जमिनीवर फुलं पिवळी, ओली पडली होती आणि वास गोड, जड होता. कांतानं तोंडावर ओढलेला पदर मागे टाकून खोचला आणि वाकली. वर्षभरात प्रथमच तिनं उघड्यावर तोंड उघडं ठेवलं होतं.

मनकर्णानं काठी उचलली. सवयीनं हात पाहिला. बोटं पाच होती.

तिनं ठोका सुरू केला. करवंदीची जाळी समोर होती, त्याच जागी. कांता भराभर वेचत होती आणि उजवीकडची फुलं राहून जात होती. त्या बाजूला तिला मान जास्त वळवावी लागे. आधी ती नाल्यावरच्या कुणाबद्दल काहीतरी सांगत होती, मग गप्प झाली. टोपलीत फुलं पडल्याचा आवाजही येत नाही, इतकी ती मऊ असतात. फक्त ठोका आणि शीळ.

मुंग्या आल्या. पायाच्या बोटांत आधी गुदगुल्या झाल्या, मग त्या वर चढल्या. मनकर्णानं खाली पाहिलं नाही. पहिली डसली ती घोट्यालाच, जुन्या जागी. मग एकदम पुष्कळ. तिनं जाळीवरची नजर काढली नाही. येते, वाढते, जाते, असं तिनं मनात म्हटलं. आली, वाढली. गेली नाही. सोमाजी बाजेवरच्या खाजेचं सांगत होता. ही मुक्कामाला आली होती. कानात गरम झालं, काठीवरचा हात घामानं सटकू लागला. ठोका तिनं चुकवला नाही. जाळी हलली नाही. अस्वल आलं नाही. ते त्या सकाळी कुठे दुसरीकडे असेल.

टोपली अर्धी झाली. कांता कमरेवर हात ठेवून उठली, वळली, आणि तिची नजर खाली गेली.

"बाई! पाय!"

घोटा लाल मुंग्यांनी झाकला होता. पोटरीपर्यंत सूज चढली होती. कांता खाली बसली आणि पदरानं मुंग्या ओढून काढू लागली. तोंडं कातडीत रुतलेली असल्यानं काही तुटून येत होत्या.

"एवढ्या डसल्या अन् झटकल्या नाई? काऊन?"

मनकर्णाचा ठोका चालूच होता.

"मागच्या साली झटकल्या होत्या," ती म्हणाली.

कांताचा हात थांबला. बोडीटोल्यात वाढलेल्या बाईला यापुढे काही सांगावं लागत नाही. झटकायला वाकावं लागतं. वाकलं की ठोका थांबतो. ठोका थांबला की मान वर करायची.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. पदर तिच्या मुठीत होता. तिनं विचारलं, "झटकल्या, अन् लगेच उठल्या?"

"नाई," मनकर्णा म्हणाली. "खाजवलं बी."

घोट्यावर अजून काही मुंग्या होत्या. त्या कांतानं काढल्या नाहीत. ती उठली, हात पुढे केला आणि काठी घेतली.

"कांता…"

"अर्धी झाली टोपली. जागा बदलाची."

"तू उभी नोको राहू. उजव्या अंगाले जाळी आहे, तुले…"

"मले माहीत आहे कोणत्या अंगाले काय आहे. वेचा."

मनकर्णा वाकली. मागं ठोका सुरू झाला. तो मनकर्णाच्या ठोक्यापेक्षा जोरात होता. फुलं तिला नीट दिसत नव्हती. ती हातानं चाचपून वेचू लागली. पाठ उघडी होती. जाळी कांताच्या उजवीकडे होती, आणि कांता जशी उभी होती तशी ती जाळी तिला गेलेल्या डोळ्यामुळे दिसणार नव्हती. ठोका पडत राहिला. मनकर्णानं मूठभर फुलं टोपलीत टाकली, आणखी मूठभर टाकली.

ठोका थांबला.

मनकर्णानं मान वर केली. समोर, हातभर अंतरावर, कांताचं तोंड होतं. ती काठी खाली करून वाकली होती आणि एका डोळ्यानं तिच्याकडे निरखून पाहत होती. तिच्यामागे झाडं होती, दुसरं काही नव्हतं.

"अशीच उठली असन मी," कांता म्हणाली.

तिच्या श्वासाची शीळ वाजत होती. मनकर्णानं तोंड वळवलं नाही. कांता सरळ झाली, पुन्हा बुंध्याशी गेली आणि जाळीकडे तोंड करून उभी राहिली.

"वेचा बाई. ऊन व्हाच्या आत भरली पाह्यजे."

ठोका सुरू झाला. मनकर्णा वाकली. घोटा पेटला होता. तिनं त्याला हात लावला नाही.